इल्म ही अमानत आहे

देऊळगाव राजाच्या परिसरात फिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीची घरे दिसतात. नवखा माणूस विचारतो, हे काय? येथले लहान मूलही सांगते, शेडनेट. आत मिरची, टोमॅटो, वांगी, काकडी, ढोबळी मिरची उभी असते, पण ती मंडईत न्यायची नसते. ती बियाण्याची असते. कंपनी नर आणि मादी वाणाचे बी देते, शेतकरी ते वाढवतो आणि संकरित बी तयार करून कंपनीला परत देतो. जालना हे बियाणे उद्योगाचे गाव शेजारीच असल्यामुळे आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबांचे वर्षाचे गणित या जाळीखाली ठरते. त्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत.

हे काम नाजूक आहे आणि बहुतेक बायकांच्या हातचे आहे. फूल उमलण्याआधी चिमट्याने कळी उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग तिला लावायचे. शेतकरी याला साधेपणाने 'क्रॉसिंग' म्हणतात. एका कळीत पुंकेसर राहून गेला तर बी शुद्ध राहत नाही. म्हणजे ज्याला आपण विज्ञान म्हणतो ते येथे प्रयोगशाळेच्या बंद दाराआड नाही. ते आपल्या अम्मी आणि बहिणींच्या बोटांत आहे.

अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. घरातली मुलगी बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली. तिला बियाणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीची संधी आली होती. घरात आनंद होता, पण अब्बा गप्प होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मिरची बियाण्याचा लॉट एका कंपनीच्या तपासणीत नापास झाला होता. आपल्याकडे याला 'जीओटी' म्हणतात. नमुन्याचे बी पेरतात, रोपे वाढवतात आणि त्यांत वेगळी रोपे किती निघाली ते मोजून शुद्धता ठरवतात. लॉट पास झाला तर पैसे, नापास झाला तर वर्षाची मेहनत पाण्यात.

"नमुना माझ्यासमोर सील झाला," ते म्हणाले. "पण पुढे तो कुठे पेरला, कोणी मोजला, कागदावर कोणी लिहिला, मला काहीच माहीत नाही. मला फक्त 'नापास' एवढाच शब्द कळला. चूक माझीही असेल, पण ती दाखवा ना!"

मुलगी म्हणाली, "अब्बा, मी तिथे गेले तर जे दिसेल तेच लिहीन."

कोपऱ्यात तस्बीह फिरवत बसलेल्या दादीने मान वर केली. "आणि साहेबांनी सांगितलं, बेटी, वेगळं लिही, तर?"

कोणीच बोलले नाही. घरी परतताना आमच्या लक्षात आले, की दादीने विचारलेला प्रश्न फक्त त्या मुलीचा नाही. गेली शंभर वर्षे जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी येऊन थांबले आहेत. संशोधनाला स्वातंत्र्य किती असावे? आणि संशोधकाची जबाबदारी कुठे सुरू होते, कुठे संपते?

खजुराच्या बागेतला धडा

शेडनेटमध्ये जे चालते त्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) मदिनेला आले तेव्हा तेथील लोक खजुराच्या नर झाडाचे पराग मादी झाडाला लावत. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, म्हणून हे हाताने करावे लागते. प्रेषितांनी (सल्ल.) ते पाहिले आणि याचा काही उपयोग होत असेल असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे काही म्हटले. लोकांनी ते काम सोडून दिले. त्या वर्षी खजूर नीट आला नाही. ही गोष्ट कळल्यावर प्रेषितांनी (सल्ल.) स्पष्ट केले, की दीनच्या बाबतीत मी सांगतो ते घ्या, पण तुमच्या दुनियेच्या अशा कामांची माहिती तुम्हालाच अधिक आहे. सहीह मुस्लिममध्ये ही घटना आली आहे.

या घटनेचे मोल आपण नीट ओळखले पाहिजे. अल्लाहच्या रसूलांनी (सल्ल.) शेती, झाडे आणि पराग यांच्या बाबतीत अनुभवाला आणि प्रयोगाला मोकळी वाट करून दिली. झाडाला फळ का आले, का आले नाही, हे पाहून शोधायचे, पडताळून ठरवायचे. संशोधनाच्या स्वातंत्र्याचा याहून मोठा आधार मुसलमानाला कोणता हवा?

आपल्या पूर्वजांनी तो आधार घेतला होता. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य घालवलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास प्रयोगाने केला. जुन्या मोठ्या विद्वानांचे लिहिलेलेही तपासल्याशिवाय मानू नये आणि तपासताना स्वतःच्या मतावरही संशय घ्यावा, ही त्यांची शिकवण. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आपले म्हणून जे सांगायचे ते स्वतः करून पाहिल्याशिवाय सांगायचे नाही, असा दंडक घालून घेतला. तो दंडक आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या भिंतीवर शोभेल.

पण त्याच दीनने स्वातंत्र्याला हिशेबाशी जोडले. कियामतच्या दिवशी माणसाला ज्या गोष्टी विचारल्या जातील त्यांत आयुष्य आणि संपत्तीबरोबर इल्मही आहे. जे कळले त्याचे काय केले, असा तो प्रश्न असेल. आणि प्रेषित (सल्ल.) अल्लाहकडे अशा इल्मपासून पनाह मागत, ज्याचा कोणाला फायदा नाही. म्हणजे शोधायला बंदी नाही. मात्र शोधून जे हाती आले त्याचा जाब आहे.

कपाशीची गोष्ट

आता आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करणाऱ्या या माणसाला १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याला चांगले बी मिळावे, या कामाचा तो सन्मान होता.

याच कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर बीटी कपाशी आणली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, की झाडातच असे प्रथिन तयार होते ज्यामुळे बोंडअळी मरते. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने तिला परवानगी दिली. पहिली काही वर्षे बोंडअळीवरची फवारणी घटली आणि शेतकऱ्याला दिलासा मिळाला. हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने बीटी बी कोणाच्या जबरदस्तीने घेतले नाही. शेजाऱ्याचे शेत पाहून घेतले.

मग चूक कुठे झाली? अळी मरते तेव्हा हजारांतली एखादी वाचते, आणि तिची पिल्लेही वाचणारीच निघतात. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होते. म्हणून नियम असा होता, की बीटी कपाशीच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या. साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचा संकर होत राहिला तर प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बी वेगळ्या पुडीत येत असे. आपल्यापैकी किती जणांनी ती पुडी पेरली? बहुतेकांच्या घरी ती कोपऱ्यात पडून राहिली. कारण ती कशासाठी आहे, हे बांधावर येऊन कोणी समजावलेच नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत छापले आणि जबाबदारी संपली.

२०१० साली गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीनेच मान्य केले. पुढे दुसऱ्या पिढीच्या बीटीचीही तीच गत झाली. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली आणि उभे पीक गेले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जण दवाखान्यात गेले.

या मृत्यूंचा दोष एकट्या शास्त्रज्ञाच्या माथी मारणे अन्याय होईल. विक्रेता, कंपनी, सरकार, आणि साधी पुडी न पेरणारे आपणही त्यात आहोत. पण एक गोष्ट शिकलीच पाहिजे. शोध लागला, परवानगी मिळाली, विक्री झाली, म्हणजे संशोधकाचे काम संपले असे नाही. जे धोके त्याला प्रयोगशाळेत दिसतात ते शेवटच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजेपर्यंत ती अमानत त्याच्या खांद्यावर असते.

सरकारी बियाण्याची फसलेली आशा

कोणी म्हणेल, कंपनीला नफा हवा असतो, सरकारी संस्था मात्र स्वच्छ असतात. येथेही एक धडा आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीची एक राष्ट्रीय संस्था यांनी मिळून 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी आणले. सरळ वाण म्हणजे ज्याचे बी शेतकरी स्वतः राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. दरवर्षी पाकीट विकत घेण्यातून सुटका होणार, म्हणून मोठी आशा होती. २००९ च्या हंगामात ते बी बाजारात आले आणि लवकरच त्याची विक्री थांबवावी लागली. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. २०१२ च्या अहवालात दिसून आले, की सरकारी संशोधनाचे म्हणून दिलेल्या त्या बियाण्यात मोन्सँटोचेच जनुकीय बांधकाम होते.

विचार करा. यात नुकसान कोणाचे झाले? एखाद्या अधिकाऱ्याची बढती थांबली असेल, एवढेच. पण स्वस्तात, स्वतःचे बी राखायची शेतकऱ्याची आशा त्याबरोबर गेली. आणि सरकारी संशोधनावर बोट ठेवायला सगळ्यांना जागा मिळाली. प्रयोगशाळेतली एक नोंद खरी नसेल तर तिचा भार इतक्या दूरवर पोहोचतो.

वांग्याचा प्रश्न आणि लपवलेली पाने

कपाशी आपण नेसतो, वांगे खातो. म्हणून बीटी वांग्याचा प्रश्न आला तेव्हा देशभर चर्चा पेटली. हे वांगेही महिकोनेच तयार केले होते. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत त्यांनी लोकांची मते ऐकली. त्यांत आपले नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक, सगळे बोलले. भांडलेही. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी वांगे थांबवले आणि स्वतंत्र अभ्यासातून सुरक्षितता सिद्ध होईपर्यंत थांबू, असे सांगितले.

याबद्दल दोन मते आहेत आणि दोन्ही ऐकली पाहिजेत. एक मत म्हणते, हे संशोधनाच्या पायात बेडी घालणे आहे. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली हेच तंत्र स्वीकारले, तेथील शेतकरी लावतात आणि आपण दारात थांबलो आहोत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरली, तीही याच रागातून. दुसरे मत म्हणते, खाण्याच्या वस्तूत घाई नको. ज्याने वांगे तयार केले त्याच्याच चाचण्यांवर किती विसंबायचे?

आम्ही येथे कोण बरोबर हे ठरवणार नाही. ते काम तज्ज्ञांचे आहे. पण दोन गोष्टींबद्दल मात्र आमच्या मनात शंका नाही. पहिली, या वांग्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांची मूळ माहिती लोकांसमोर यायला माहिती अधिकार आणि न्यायालय यांची वाट धरावी लागली. चाचणीत काही वाईट नव्हते तर ती आधीच का उघडी केली नाही? दुसरी, २०१० साली देशातील सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून जनुक बदललेल्या पिकांवर अहवाल दिला आणि त्यात दुसऱ्याच्या लेखातील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला निघाला. तो अहवाल सुधारून पुन्हा काढावा लागला. त्यातील निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. पण नक्कल केलेल्या अहवालावर विश्वास ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शेगावचा प्रश्न

आपल्याच जिल्ह्यातली ताजी आठवण सगळ्यांना आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. दोन-चार दिवसांत टक्कल पडायचे. मुली शाळेत जाईनात, ठरलेल्या सोयरिकी अडल्या, लोक त्या गावांत जायला घाबरू लागले. आधी पाण्यावर संशय आला, मग साबण-शांपूवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि नमुने घेऊन गेली.

दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांत येऊन काम केले. विंचूदंशाच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे हे डॉक्टर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले, की सेलेनियम हा घटक कित्येक पटींनी जास्त आहे आणि त्याचा संशय रेशनच्या गव्हावर येतो. पुढे काही लोकांची नखेही गळाली. गावकरी मात्र सरकारी अहवालाची वाट पाहत राहिले. आमच्या अंगात काय गेले ते आम्हाला सांगा, एवढीच त्यांची मागणी होती.

येथे स्वातंत्र्य आणि जबाबदारी हातात हात घालून दिसतात. एखादा डॉक्टर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता शोध घेऊ शकला, हे संशोधनाचे स्वातंत्र्य. जे आढळले ते त्याने लगेच लोकांना सांगितले, ही जबाबदारी. त्याचे म्हणणे दुसऱ्याने तपासावे, चुकीचे निघाले तर तसे पुराव्यानिशी दाखवावे, तो हक्क सगळ्यांना आहे. पण तपासणी करून निकाल कपाटात ठेवण्याचा हक्क कोणाला असावा, असे आम्हाला वाटत नाही. ज्याच्या ताटात तो गहू आहे त्याचा त्या निकालावर पहिला हक्क आहे.

जगातले तीन शास्त्रज्ञ

फ्रिट्झ हाबर हे नाव आपल्याला माहीत नसेल, पण आपल्या शेतातली युरियाची गोणी त्यांच्या शोधातून आली. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत या जर्मन शास्त्रज्ञाने शोधली आणि जगाची भूक भागवायला मोठा हातभार लावला. त्यासाठी त्यांना १९१८ चे नोबेल मिळाले. पण याच माणसाने पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे काम अंगावर घेतले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीनचा ढग सोडला गेला आणि हजारो सैनिक त्यात सापडले. ज्या बुद्धीने शेत पिकवले, तिनेच माणसाचा श्वास कोंडला. बुद्धी तीच होती. तिच्यापुढचा प्रश्न बदलला होता आणि हाबर यांनी तो स्वतःला विचारला नाही.

दुसरे जोसेफ रॉटब्लॅट. पोलंडमध्ये जन्मलेले हे पदार्थशास्त्रज्ञ अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात होते. जर्मनी बाँब बनवेल या भीतीने ते त्यात गेले होते. १९४४ च्या अखेरीस कळले, की जर्मनीकडे बाँब होणार नाही. मग आता हे कशासाठी? त्यांनी काम सोडले आणि पुढचे आयुष्य अण्वस्त्रे कमी व्हावीत यासाठी दिले. १९९५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

तिसरे उदाहरण जनुकशास्त्राचेच आहे. एका जिवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याचे तंत्र नुकतेच हाती आले होते, तेव्हा अमेरिकेतील पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली स्वतःहून सांगितले, की धोका कळेपर्यंत काही प्रयोग आपण थांबवू या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञ जमले, नियम ठरवले आणि मग काम पुन्हा सुरू झाले. कोणत्या सरकारने डोक्यावर बंदूक ठेवली नव्हती. ज्यांना स्वातंत्र्य हवे होते त्यांनीच आधी स्वतःला लगाम घातला, म्हणून ते स्वातंत्र्य टिकले. आज बीटीपासून इन्सुलिनपर्यंत जे मिळते ते त्याच विज्ञानातून आले आहे.

धान्याच्या ढिगात घातलेला हात

मदिनेच्या बाजारात प्रेषित (सल्ल.) एका धान्य विक्रेत्याजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले होते. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी (सल्ल.) त्याला विचारले, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले.

या घटनेतला बारकावा पाहा. पाऊस पडला हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. धान्य ओले झाले हाही गुन्हा नव्हता. ओले ते खाली आणि कोरडे ते वर ठेवणे, हा गुन्हा होता. संशोधनाचेही अगदी तसेच आहे. प्रयोग फसणे, अंदाज चुकणे, बी नापास होणे हा गुन्हा नाही. इब्न अल-हैसमपासून आजपर्यंत प्रत्येक शास्त्रज्ञ चुकत चुकतच पुढे गेला. गुन्हा आहे तो ओली पाने फाइलच्या तळाशी ठेवण्यात.

म्हणून संशोधनाचे स्वातंत्र्य आणि संशोधकाची जबाबदारी ही दोन टोके नाहीत, असे आम्हाला वाटते. जो लपवत नाही त्याला शोधायचे पूर्ण स्वातंत्र्य द्या. लोकांना भीती शोधाची वाटत नाही, लपवालपवीची वाटते. आणि भीती वाढली की लोक चांगल्या लशीलाही नाही म्हणतात, चांगल्या बियाण्यालाही. आपल्या वस्त्यांत पोलिओच्या डोसाबद्दल पसरलेल्या अफवांनी किती नुकसान केले असते, हे आठवा. तेव्हा मशिदींतून इमाम साहेबांनी आवाहन केले, डॉक्टरांनी दारोदार जाऊन उत्तरे दिली, तेव्हा शंका मिटल्या. उघडपणे बोलल्याने विश्वास परत येतो.

आपण घरात काय करू शकतो?

हा विषय मोठ्या लोकांचा आहे असे समजून पान उलटू नका. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

बीजोत्पादन करणाऱ्या बांधवांनी करार वाचूनच सही करावी. नमुना सील होताना त्याचा एक भाग सील करून आपल्याजवळ ठेवण्याची मागणी करावी. पुणे, नागपूर आणि परभणी येथे सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. उगवणशक्तीबद्दल वाद असेल तर तेथून तपासून घेण्याचा मार्ग आहे. लॉट नापास झाला तर फक्त शब्द नको, मोजणीचा कागद मागावा. सगळ्या उत्पादकांनी मिळून मागितला तर तो मिळण्याची शक्यता वाढते.

कीटकनाशकाच्या डब्यावरचे लेबल मुलांकडून वाचून घ्यावे. फवारताना तोंड-नाक झाकावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. स्वतःच्या जिवाची काळजी घेणे हीदेखील अमानत आहे.

मुलगा किंवा मुलगी विज्ञान शिकत असेल तर गुणपत्रिकेसोबत एक गोष्ट आवर्जून विचारा: प्रॅक्टिकलच्या वहीतले आकडे तू खरोखर मोजलेस, की शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेस? सगळेच उतरवतात, असे उत्तर येईल. तेथूनच सांगायला सुरुवात करा. बिकानेरी नरमाचा प्रश्न किंवा अकादमीच्या अहवालाची नक्कल एका दिवसात घडत नाही. ती सवय शाळेच्या प्रॅक्टिकलमध्ये लागते. जी मुलगी कॉलेजमध्ये न मोजलेला आकडा लिहीत नाही, ती उद्या साहेबांच्या सांगण्यावरूनही लिहिणार नाही.

आणि शिक्षित मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे, की आपल्या समाजाला डॉक्टर आणि इंजिनिअर जितके हवे आहेत, तितकेच बियाणे, माती, पाणी आणि औषध तपासणारे प्रामाणिक शास्त्रज्ञही हवे आहेत. ते कोणत्याही धर्माचे असोत, पण सगळ्यांसाठी खरे लिहिणारे असोत. त्यात आपला वाटा असावा, हे स्वप्न आपण का पाहू नये?

दादीचे उत्तर

काही दिवसांनी त्या घरी आम्ही पुन्हा गेलो. मुलीने नोकरी स्वीकारली होती. दादीला आम्ही विचारले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का?

दादी हसल्या. "तिला मी सांगितलं, बेटी, हे तुझं पेन आहे ना, त्याच्या टोकावर कुणाच्या तरी घरची चूल आहे. दुसऱ्याच्या अब्बाचा लॉट तपासताना आपले अब्बा आठव."

अब्बा म्हणाले, "आणि मी सांगितलं, माझा लॉट तुझ्या हातात आला आणि तो खरोखर खराब असेल, तर नापासच लिही. फक्त का ते मला सांग."

मुलगी काही बोलली नाही. सोबत नेण्यासाठी तिने एक कोरी वही घेतली होती आणि पहिल्या पानावर बिस्मिल्लाह लिहिली होती. त्या वहीत उद्या जे आकडे पडतील त्यांवर देऊळगाव राजाच्या कितीतरी शेडनेटचा विश्वास असेल.

अल्लाह आपल्या सर्वांना इल्मे नाफे, म्हणजे लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान देवो, ते शोधायची हिंमत देवो आणि जे सापडले ते न लपवता सांगण्याची ताकद देवो. आमीन.